बेस गिटारची तार ओळखताना रेशमी गुंडाळीचा रंग पाहा, पण मापही घ्या

भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात १४ एप्रिलच्या तोंडावर तार तुटली, की गावाहून नागपूरच्या दुकानात फोन जातो: "लाल दोऱ्याची तार पाठवा." एवढ्याने भागत नाही. तारेच्या टोकाची रंगीत गुंडाळी बहुधा कंपनी किंवा मॉडेल सांगते. रोटोसाउंडच्या 'स्विंग बेस ६६' संचात लाल असते ती सगळ्याच तारांना! काही कंपन्या टोकाच्या गोळीला तारेनुसार वेगळा रंग देतात, पण त्या रंगांचा सर्वांना लागू असा नियम नाही.

म्हणून तुटलेला तुकडा फेकू नका. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे मायक्रोमीटर (जाडी मोजायचं साधन) असतोच. रंगीत गुंडाळी वगळून उघड्या भागाच्या जाडीचं माप घ्या. ४५-६५-८५-१०५ (इंचाचे हजारावे भाग) या नेहमीच्या संचात बारीक तारेपासून जाड तारेपर्यंत जी १.१४, डी १.६५, ए २.१६ आणि ई २.६७ मिमी भरते. जरा घासलेली तार किंचित कमी दाखवेल, तेवढं चालतं. दुकानदाराला रंगाचा फोटो, माप आणि स्केलची लांबी (तारेचा वाजणारा भाग, मानेवरच्या नटपासून ब्रिजपर्यंत), तिन्ही एकदम पाठवा. नवी तार चढवल्यावर गुंडाळी ब्रिजच्या आधारावर (जिथे तार टेकते तिथे) येत असेल, तर आवाज बसका निघतो.