बोअरचं पाणी जोखताना या चुका टाळा

बोअरची गाडी रानातून बाहेर पडायच्या आत उसाचं बेणं ठरवणारे लोक आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणी पट्ट्यात दरवर्षी भेटतात. त्यांची घाई बघून जीव तुटतो, कारण पाणी जोखायला जेमतेम एक दिवस लागतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडीच्या हवेने उडणारा फवारा बघून पाणी ठरवणं. आमच्या शेजारच्या रानात दिवाळीच्या सुमारास बोअर मारली. गाडीवाला म्हणाला, "तीन इंची आहे, डोळे झाकून लावा." शेजाऱ्यांनी तीन एकर ऊस लावला. होळीपर्यंत ठीक चाललं. मग मोटर तासाभरातच पाणी तोडायला लागली. बंद ठेवून दोन तासांनी लावली की पुन्हा तेवढंच. वैशाखात दोन एकर ऊस वैरणीला कापला.

आपल्याकडच्या काळ्या दगडात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. पावसाळा सरला की त्या भरलेल्या असतात, म्हणून दिवाळीला दिसतो तो साठा. झऱ्यांचा खरा जोर उन्हाळ्यातच कळतो.

मी तरी चैत्र-वैशाखात मोजल्याशिवाय बागायत ठरवत नाही. दोनशे लिटरचं बॅरल घ्यायचं, वीज असेल तोवर मोटर चालू ठेवायची आणि दर तासाला बॅरल भरायला किती सेकंद लागतात ते लिहायचं. शेवटचा आकडा धरायचा, पहिला नाही. दोरीला वजन बांधून सुरुवातीची आणि शेवटची पातळीही घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी पहिल्या जागी आलं नाही, तर उपसा झेपत नाही.

मग हिशोब करा. बॅरल शंभर सेकंदांत भरलं तर तासाला ७,२०० लिटर. थ्री-फेज सात तास मिळाली तर दिवसाला पन्नास हजार. एकरभर एक इंच पाणी म्हणजे लाखावर लिटर; सरीने तीन इंच द्यायचं तर एका एकराला सहा दिवस, तीन एकरांना अठरा. उन्हाळ्यात उसाची पाळी आठ-दहा दिवसांची. हा हिशोब शेजाऱ्यांनी लागणीआधी केला असता तर एकरावरच थांबले असते. ठिबकला पाणी कमी लागतं, पण मोजणं सुटत नाही.

दुसरी चूक, चाखून "गोडं आहे" म्हणणं. जिभेला सोडियम कळत नाही, काळ्या रानाला कळतो. माती चिकट होते, पाण्याचा निचरा होत नाही. अहवालात क्षारता मीटरला ०.७५ डेसीसायमनपर्यंत असेल तर फारशी काळजी नाही, २.२५ च्या वर गेली तर त्या पाण्यावर ऊस नकोच. सोडियमचं प्रमाण (SAR) आणि उरलेलं सोडियम कार्बोनेट (RSC) हे आकडेही मागा. हे दुसरं लिटरला २.५ मिलीइक्विव्हॅलंटच्या पुढे असेल तर ते पाणी रानाला देऊ नये. नमुना घेताना अर्धा तास मोटर चालवा, त्याच पाण्याने बाटली विसळा. कुठे तपासायचं ते मत्तीकोप किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

बाकीच्या चुका थोडक्यात. नारळ फिरवणाऱ्या पाणाड्याला द्यायचे पैसे भूजल सर्वेक्षणाला ठेवा. खोल गेलं की पाणी लागतंच असं नाही. काळ्या दगडात खाली भेगा कमी होत जातात. गोकाककडे वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड आहे, त्याला हा काळ्या दगडाचा नियम लावू नका. लाल मातीचा थर लागला तर केसिंगमध्ये, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून आत घालायच्या पाइपात, काटकसर नको. हिडकलच्या कालव्याजवळची विहीर असेल, तर कालवा बंद असतानाच मोजा.