भूतबंगला करताय? मुखवटे नंतर, आधी गोष्ट ठरवा

गणपतीत आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत पोरांसाठी पार्किंगमध्ये भूतबंगला करायचं ठरलं आणि सगळे लायटिंग, स्पीकर, मुखवटे यावरच तुटून पडले, गोष्ट काय ते कोणी विचारेचना. इथंच गंडतं. आत येणारा माणूस कोण आहे नि कुठे चाललाय, हे आधी एका ओळीत ठरवा. आमचं असं: शेवटची लोकल पारसिक बोगद्यात बंद पडलीय, तुम्ही प्रवासी, चालत ठाण्याला यायचंय. बास.

गोष्ट रांगेतच सुरू करा, नुसती स्टेशनची अनाउन्समेंट लावली तरी पोरं आत जायच्या आधीच टरकतात.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये १९६९ पासून हाँटेड मॅन्शन नावाचा भूतबंगला आहे, तिथली पहिली खोली उंच होत जातेय असं वाटतं, पण ती खरं तर लिफ्ट आहे, लोकांना रेल्वेरुळांखालून पलीकडच्या इमारतीत न्यायचं होतं ना, ती अडचणच गोष्टीत मुरवली. आमचा मधला नको तिथे आलेला खांब असाच सिग्नल झाला. पुढे तिथे लोकांना बसवून फिरवणाऱ्या छोट्या गाड्या स्वतःच वळतात, म्हणजे तुम्ही कुठे बघायचं ते डिझायनर ठरवतो. आपल्याकडे गाड्या कुठल्या, मग टॉर्च फक्त पुढच्या काकांच्या हातात द्या, ते दाखवतील तेच दिसेल.

डायलॉग कमी ठेवा, किंचाळ्यांत कोण ऐकतंय. वायरी टेपने चिकटवा, घाबरलेल्यांना मधूनच बाहेर पडायला वाट ठेवा, इथे गोष्टबिष्ट बाजूला. शेवटी पिवळा ‘ठाणे’ बोर्ड, भरपूर उजेड आणि शक्य असेल तर गरम वडापाव.