भाकरीच्या पिठाच्या गोळ्यावर चंद्राच्या कला कशा पाहाव्यात

माझी भाची सहावीत आहे. चंद्राची कोर का होते, असं विचारलं तर ती झटकन म्हणाली, "मामा, पृथ्वीची सावली पडती की त्याच्यावर." चांगली शिकलेली मोठी माणसंही हेच उत्तर देतात आणि ते चूक आहे. हे पोरांना तोंडी सांगून पटत नाही. त्यांना सकाळी गच्चीवर न्यावं लागतं. सोलापुरात पावसाळा सरल्यावर आकाश बरेच दिवस स्वच्छ असतं, तेव्हा हे करून बघा.

आधी दिवस ठरवा. भिंतीवरच्या कॅलेंडरात कृष्ण पक्षातली सप्तमी, अष्टमी किंवा नवमी शोधा. तिथी म्हणजे नुसती उपासाची खूण नव्हे, ते कोनाचं माप आहे. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. अशा 30 तिथी झाल्या की 360 अंश पुरे होतात आणि त्याला सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. सूर्य आणि चंद्र आज एकमेकांपासून किती लांब आहेत हे आपल्या स्वयंपाकघरात रोज टांगलेलं असतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आदल्या रात्री गोळा करून ठेवा. ज्वारीचं पीठ भाकरीला घेतो तसंच गरम पाण्यात मळायचं, कारण गार पाण्यातला गोळा वाळताना तडकतो. लिंबाएवढा गोळा वळून खराट्याच्या काडीवर टोचा आणि सुकू द्या.

सकाळी साडेसात-आठला गच्चीवर जा. सूर्य पूर्वेला असेल. चंद्र माथ्यावरून पश्चिमेकडे कललेला, ढगाच्या तुकड्यासारखा फिकट दिसेल. सूर्याकडे थेट बघायचं नाही, पाठ करूनच उभं राहायचं. हात लांब करून गोळा चंद्राच्या अगदी शेजारी येईल असा धरा. त्यावर ऊन पडलं पाहिजे, म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे राहू नका. आता एक डोळा मिटा.

गोळ्याची सूर्याकडची बाजू लख्ख आणि उरलेली करडी दिसेल. मधली रेघ चंद्रावरच्या रेघेशी जुळेल. ती तिकडे तिरकी असेल तर इकडेही तितकीच तिरकी. त्या रेघेवर जरा नजर ठेवा. पिठाचा रवाळपणा आणि मळताना उमटलेला बोटाचा ठसा तिथेच उठून दिसतो, कारण तिथे ऊन तिरपं लागतं. दुर्बिणीतून चंद्रावरची विवरंसुद्धा याच रेघेजवळ सगळ्यात ठसठशीत दिसतात.

भाचीने गोळा दोनदा फिरवून बघितला आणि विचारलं, "मग पृथ्वीची सावली कुठंय?" मी तिला तिचीच सावली दाखवली. आपली सावली ज्या दिशेला पडते, त्याच दिशेला पृथ्वीची सावलीही अवकाशात गेलेली असते. अष्टमीचा चंद्र तिथून 90 अंश लांब असतो. त्याचा काळा भाग म्हणजे त्याची स्वतःची रात्र.

पुढचे चार-पाच दिवस त्याच वेळी वर या. चंद्र सूर्याकडे सरकत जाईल आणि गोळ्यावरची कोरही बारीक होत जाईल. शाळेमुळे सकाळ जमत नसेल तर शुक्ल अष्टमीला दुपारी चारला हाच प्रयोग पूर्वेकडच्या चंद्रावर करा.

आता ग्रहण. सूर्य मावळायच्या तासभर आधी त्याच्याकडे पाठ करा आणि गोळा असा धरा की तुमच्या डोक्याची सावली त्याच्यावर पडेल. हे झालं चंद्रग्रहण. गोळा वीतभर वर उचला, तो पूर्ण उजळेल. ही पौर्णिमा. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. दर अमावस्येला सूर्यग्रहण होत नाही तेही याच कारणाने.

भरती-ओहोटी मात्र आपल्याला गच्चीवरून दिसायची नाही. कोकणात गेलात तर अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण बघा. तेव्हा सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात.

सावलीची आणखी एक गंमत मे महिन्यासाठी राखून ठेवा. पृथ्वीचा आस सुमारे 23.4 अंश कललेला आहे आणि सोलापूर साधारण 17.7 उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. एकदा 10-11 मेच्या सुमारास आणि पुन्हा 2-3 ऑगस्टच्या सुमारास. ऑगस्टमध्ये ढग आडवे येतात, म्हणून मेचाच दिवस धरा. दुपारी 12 वाजून 23 मिनिटांच्या आसपास सपाट फरशीवर एखादा सरळ पाइप उभा करा. त्याची सावली बुडाशी नाहीशी होईल. मीटरभर काठीची हीच दुपारची सावली 21 जूनला दक्षिणेकडे 10 सेंटिमीटर पडते आणि 21 डिसेंबरला उत्तरेकडे 87. दोन्ही दिवशी खडूने खूण करून ठेवा.

मेच्या त्या दुपारी सव्वाबारालाच वर जा, डोक्याला टॉवेल गुंडाळा आणि पोरांना अनवाणी नेऊ नका, फरशीवर पाय ठेववत नाही.