फुलीच्या प्रयोगात वेळ जुळत नाही?
सोडियम थायोसल्फेट-आम्लाच्या प्रयोगात गंधक तयार होऊन द्रावण गढूळ होते आणि पात्राखालच्या कागदावरची फुली (×) वरून दिसेनाशी होते. त्याच मिश्रणाला यासाठी दरवेळी वेगळा वेळ लागतो, तेव्हा आधी द्रावणाची उंची तपासा. थर जाड असला की फुली लवकर झाकली जाते आणि अभिक्रिया उगाच वेगवान वाटते.

१. सगळ्या फेऱ्यांना एकच शंकुपात्र वापरा.
२. थायोसल्फेटचे द्रावण (लिटरला ४० ग्रॅम) ५०, ४०, ३०, २०, १० मिली घ्या. पाणी घालून दरवेळी बरोबर ५० मिली करा.
३. २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५ मिली, सगळ्यात शेवटी. घड्याळ त्याच क्षणी सुरू.

फुली छापील असावी, एकानेच सरळ वरून पाहावी. तळाला चिकटलेला गंधक पुढची वेळ बिघडवतो, म्हणून पात्र लगेच विसळा.

सल्फर डायऑक्साइड सुटतो: खिडक्या उघड्या ठेवा, दमा असलेल्यांनी लांब थांबावे, आणि झालेले द्रावण लगेच सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात ओता.