लिनक्समधले ‘सर्व्हर’ उडवताय? आधी या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या जुन्या लॅपटॉपवर मी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकून दिलं. आठवड्याभरात फोन आला. “अरे, यात दोन-तीन सर्व्हर, म्हणजे मागे गुपचूप चालणारे, इतरांच्या हाकेला उत्तर देणारे प्रोग्राम, आधीपासूनच चालू होते. बंद करून टाकले. पण आता वायफायचा प्रिंटर दिसेना!”

दिसणार कसा? काकांनी अवाही नावाचा प्रोग्राम बंद केला होता. घरच्या नेटवर्कवर प्रिंटर शोधायचं काम त्याचंच. छपाई सांभाळणारा कप्स हाही म्हणायला सर्व्हरच, पण तो नसेल तर कागद छापायचा कोणी? नाव ऐकून घाबरायचं, ही पहिली चूक. अपाचे (वेबसाइट चालवणारा), मायएसक्यूएल (डेटाबेस), एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारा) यांतलं काहीच उबुंटू डेस्कटॉपबरोबर आपोआप येत नाही. फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारामध्ये एसएसएच सर्व्हर असतो, पण बंद.

दुसरी चूक म्हणजे नुसती नावं मोजणं. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लावून ‘एसएस’ ही कमांड टी, यू, एल, पी, एन या पर्यायांसह चालवा (sudo ss -tulpn) आणि कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर ऐकतोय ते बघा. १२७.०.०.१:६३१ दिसलं (६३१ हा पोर्ट, म्हणजे दरवाज्याचा क्रमांक) तर कप्स फक्त तुमच्याच मशीनशी बोलतोय. ०.०.०.० किंवा चांदणी (*) दिसली तर मात्र तो दरवाजा सगळ्या नेटवर्कसाठी उघडा आहे, फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या राखणदाराने, अडवला नाही तर.

तिसरी चूक माझी स्वतःची. १२७.०.०.५३ वर बसलेलं सिस्टमडी-रिझॉल्व्हड मला फालतू वाटलं, म्हणून बंद केलं. एकही साइट उघडेना. राउटर दोनदा बंद-चालू केला, नेटवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. शेवटी ८.८.८.८ ला पिंग केलं तर उत्तर झकास येत होतं! म्हणजे नेट होतं, साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारं कोणी उरलं नव्हतं. तीच सेवा परत चालू केली.

कप्स थांबवला तरी पुन्हा उठतो, अशी तक्रार मी बऱ्याचदा ऐकतो. सर्व्हिस थांबवली तरी कप्सचं सॉकेट, म्हणजे त्याच्या दारावर कान लावून बसलेला भाग, जागं असतं, ते त्याला हाक मारतं. खरंच नको असेल तर कप्सचं सॉकेट आणि पाथ युनिटही थांबवा. आणि पॅकेज काढताना ‘वाय’ दाबण्याआधी सोबत काय काय जाणार आहे ती यादी वाचा.

कप्सचा जोडीदार, नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप जोडणारा कप्स-ब्राउज्ड मात्र बिनधास्त बंद करा. सप्टेंबर २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या त्रुटीत हाच ६३१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर सगळीकडून येणारे निरोप ऐकत बसलेला सापडला. अवाही परत चालू केल्यावर काकांचा प्रिंटर कप्स-ब्राउज्डविना छापतोय.

काकांच्या ‘एसएस’च्या यादीत चांदणीसमोर ८० क्रमांकाचा पोर्टही होता. ऐरोलीच्या भाच्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी अपाचे टाकलं आणि विसरून गेला. काका हाच लॅपटॉप घेऊन तलावपाळीच्या कॅफेत बसतात. अपाचे काढलं, उबुंटूत मुळात बंदच असलेलं यूएफडब्ल्यू हे फायरवॉल चालू केलं आणि रीस्टार्ट करून यादी पुन्हा पाहिली. ८० गेला होता. प्रिंटर दिसत होता.