सोलापूर ते न्यूयॉर्क: खरे तास किती लागतात ते कसं काढायचं

गुगलवर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर टाकलं की साधारण साडेबारा हजार किलोमीटर येतं, लोक त्याला ताशी नऊशेनं भागतात आणि चौदा तास म्हणून मोकळे होतात. असला हिशोब करू नका. ते अंतर पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं, विमान मात्र वारा बघून आणि कुठल्या देशानं आकाश बंद केलंय ते बघून वळसे घेतं. थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास धरा, येताना थोडे कमी, कारण वरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो.

आता खरी डोकेदुखी. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची आणि पोचायची न्यूयॉर्कची असते, प्रत्येक गावाची आपापली. समजा रात्री दीडला सुटलं, सकाळी सातला उतरलं, तारीख तीच. घरचे म्हणणार अरे साडेपाच तासात अमेरिका! आणि येताना सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबई, म्हणजे पंचवीस तास, मग विमान कुठं बंद पडलं का म्हणून फोनवर फोन. दोन्ही वेळा आधी भारताच्या घड्याळात आणा, मगच वजाबाकी करा. थंडीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागं, म्हणजे सकाळचे सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, झाले सोळा तास. परतीचे साडेअकरा म्हणजे आपले रात्रीचे दहा, तिथून दुसऱ्या दिवशीच्या साडेबारापर्यंत साडेचौदा.

पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास पुढं करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं, मधल्या काळात फरक साडेनऊच. कुणी साडेदहा तास पाठ करून ठेवा म्हणालं तर ऐकू नका, तारीख बघूनच फरक धरा.

रात्री बारानंतरचं विमान हा आपल्या गावच्या लोकांना लागणारा दुसरा फटका. तिकिटावर १२ तारीख, वेळ दीड, म्हणजे ११ तारखेची रात्र की ओ! मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापुरातून रात्री साडेदहानंतर सुटते, ११ च्या रात्री तिच्यात बसलात तर विमान उडेल तेव्हा तुम्ही गाडीत झोपलेले असाल. १० च्या रात्रीची धरा किंवा ११ ला पहाटेची वंदे भारत, तीन-चार तास आधी विमानतळावर पोचायचंय हे धरूनच. मी तरी सिद्धेश्वरच घेतो, मुंबईत एक अख्खा दिवस हाताशी राहतो.

मध्ये दुबई-दोहाला विमान बदलायचं असेल तर थांब्याचे तास वेगळे मिळवा, आणि दोन तासांपेक्षा कमी थांबा असलेलं तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका.

घरून निघाल्यापासून तिकडं बाहेर पडेपर्यंत, थेट विमान असलं तरी, दीड दिवस सहज जातो. न्यायला येणाऱ्याला मात्र फक्त न्यूयॉर्कची वेळ आणि तिथली तारीख कळवा, आपली वेळ अजिबात सांगू नका.