फॉन्डंटचा हत्ती: धड आधी वाळू द्या

केकवर फॉन्डंटचा, म्हणजे साखरेच्या मऊ मळलेल्या गोळ्याचा, हत्ती बसवायचा असेल तर आदल्या रात्री करायला घेऊ नका, निदान तीन दिवस हाताशी ठेवा. ओल्या धडावर जड डोकं ठेवलं की हत्ती हळूहळू खचतो आणि ऐन वेळी मान टाकतो.

नुसता फॉन्डंट मऊच राहतो. म्हणून पाव किलोला एक छोटा चमचा सीएमसी पावडर (फॉन्डंट कडक करणारी, खाण्याची डिंकासारखी पावडर) घालून मळा आणि क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून दोन-तीन तास ठेवा. रंग जेलचाच घ्या, पातळ रंगाने गोळा चिकट होतो. राखाडीसाठी पांढऱ्यात काळा रंग टूथपिकच्या टोकाने थोडा थोडा मिसळा. तो नंतर आणखी गडद होतो, तेव्हा फिक्यावरच थांबा.

धडाला साठ ग्रॅम पुरतो. हाताला वनस्पती तुपाचं बोट लावून गोळा दाबून वळा. एकही भेग दिसता कामा नये, कारण वाळताना तीच रुंदावते. वरून निमुळता करा, मधोमध कच्च्या स्पॅगेटीची काडी खोचा, डोकं बसवायला दोन सेंटीमीटर वर राहू द्या. लहान मुलांच्या केकमध्ये टूथपिक मी कधीच वापरत नाही. आता हे धड रात्रभर उघड्यावर वाळू दे.

डोक्याला पस्तीस ग्रॅम. सोंड वेगळी करून चिकटवू नका, त्याच गोळ्यातून ओढून काढा. गोळ्याची एक बाजू दोन बोटांत फिरवत फिरवत लांबवा, टोक बारीक होऊ द्या आणि चाकूच्या पाठीने वरच्या अंगाला हलक्या आडव्या रेषा मारा. सोंड वर वळवली की तिच्याखाली टिश्यू पेपरची गुंडाळी द्या, वाळेपर्यंत काढायची नाही. कानांनाही मागून असाच टेकू लागतो.

चिकटवायला दोन चमचे पाण्यात चिमूटभर सीएमसी रात्रीच भिजवा, सकाळी पारदर्शक डिंक तयार असतो. ब्रशने अगदी पातळ लावा. जास्त झाला की कान घसरतात. पाय, शेपूट सोपे आहेत, शेवटी लावा.

डोळ्यांवर मात्र वेळ घालवा. सोंडेच्या दोन्ही बाजूंना, जरा खाली आणि एकमेकांपासून लांब बसवले की पिल्लू वाटतं. वर, जवळ बसवले की तेच तोंड म्हातारं दिसतं. पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा.

तयार हत्ती फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरतो आणि चिकट होतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात, उन्हापासून लांब ठेवा. केक व्हिप्ड क्रीमचा असेल तर हत्ती अगदी कापायच्या वेळी, खाली चॉकलेटची चकती ठेवून बसवा. आणि मुलाच्या हाती देण्याआधी डोकं उचलून स्पॅगेटीची काडी स्वतः काढून घ्या, कच्ची काडी टोकदार असते.